उणे एकवीसची सरळ रेघ

मित्रांनो, आज मी जरा घुश्शातच आहे, तेव्हा बोलणं वाकडं गेलं तर सांभाळून घ्या. मी एक प्रोग्रॅम आहे. जुना, बारकासा, आणि दिसायला म्हणाल तर काहीच नाही. मला बटणं नाहीत, चित्रं नाहीत, रंग नाहीत. काळ्या पडद्यावर माझं नाव टाइप करायचं, एंटर दाबायचं, की मी एका ओळीत उत्तर देतो आणि गप्प बसतो. अशांना कमांड-लाइनवरचं साधन म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण माझं काम एकच. फ्रीझरच्या आत किती थंड आहे ते सांगायचं.

फ्रीझर कसला, तेही ऐका. लहान मुलांच्या एका हॉस्पिटलात, वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डाला लागून एक छोटी खोली आहे. तिथल्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीम नसतं, आईचं दूध असतं. ती बाळं इतकी इवलीशी असतात की त्यांना ओढून पितासुद्धा येत नाही. नळीतून थेंब थेंब द्यावं लागतं, आणि डब्यातल्या पावडरीचं दूध त्यांच्या पोटाला सोसत नाही. म्हणून आया आपलं दूध बाटल्यांत काढून देतात आणि ते दगडासारखं गोठवून ठेवतात. पूर्ण वितळलेलं दूध पुन्हा गोठवता येत नाही. एका दिवसात संपवायचं, नाहीतर बेसिनमध्ये ओतायचं. आता कळलं ना, माझ्या एका ओळीला एवढी किंमत का ते?

मला लिहिलं बटणकाकांनी. हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करणं हे त्यांचं काम. काहीही बंद पडलं की जो तो म्हणायचा, "काका, जरा बटण दाबून बघा ना!" त्यावरून हे नाव पडलं. बटणांना ते इतके विटले होते की मला त्यांनी एकही दिलं नाही. जेवणाचा डबा बाजूला सारून, एका बोटाने टकटक करत त्यांनी मला घडवलं. फ्रीझरमध्ये एक बारीक वायर सोडली, तिचं दुसरं टोक कॉम्प्युटरला जोडलं, आणि दर मिनिटाला मला आपोआप हाक बसेल अशी सोय केली. थंडी बरोबर असली की मी लिहायचो, "उणे वीस, ठीक." ऊब चढायला लागली की लिहायचो, "उणे बारा, धोका." काम संपल्यावर काका मला म्हणाले, "कमी बोल, पण खरं बोल," आणि चहा प्यायला गेले.

ते दिवस फार चांगले होते हो. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर येता-जाता माझ्या पडद्याकडे एक नजर टाकायच्या. हातात ट्रे, खांद्यात फोन धरलेला, पण डोळा माझ्यावर. "काय रे बाबा, बरा आहेस ना?" असं विचारायच्या. खरं तर त्या फ्रीझरला विचारत, पण उत्तर मीच द्यायचो. एकदा दार नीट लागलं नव्हतं. माझा 'धोका' वाचून त्या धावत आल्या, कंबरेने दार ढकललं आणि म्हणाल्या, "गुणी आहे हो पोर!" इतक्या वर्षांत माझं एवढंच कौतुक झालं, पण मला ते पुरलं.

मग बटणकाका निवृत्त झाले, आणि वॉर्डात तीन नंबरच्या उबदार काचपेटीत एक बाळ आलं. तळहाताएवढं. त्याची आई रोज खोलीच्या दारात यायची, बाटली सिस्टरांच्या हातात द्यायची आणि ती आत ठेवली जाईपर्यंत उभी राहायची. तिलाही आजार होता. डॉक्टर तिला एक कडक औषध सुरू करणार होते, आणि ते चालू असेपर्यंत तिचं दूध बाळाला चालणार नव्हतं. म्हणून ती आधीच साठवून ठेवत होती. स्वतः धड जेवत नव्हती, पण बाटली कधी चुकली नाही. वरचा अख्खा कप्पा तिचा होता.

एक दिवस तिने हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनाच गाठलं. "साहेब, सुट्टीच्या दिवशी या खोलीत कोणीच नसतं. तेव्हा हा फ्रीझर बिघडला तर कुणाला कळणार?"

साहेब गडबडले. प्रश्न अगदी बरोबर होता, मी त्याला नावं ठेवणार नाही. रिकाम्या खोलीत मी कितीही 'धोका, धोका' लिहिलं तरी वाचणार कोण? तेव्हा ठरलं की मला क्लाउडवरच्या देखरेखीच्या सेवेला जोडायचं. क्लाउड म्हणजे ढग, पण आभाळाचा इथे काही संबंध नाही. दूर कुठेतरी मोठ्या इमारतीत कपाटांसारखे रांगेने कॉम्प्युटर मांडलेले असतात, त्यांना म्हणतात ढग! मी तिकडे आकडे पाठवायचे, त्या सेवेने त्यांचा आलेख काढायचा, आणि आकडा बिघडला की सिस्टरांचा फोन खणखणायचा.

जोडायला आल्या इंजिनिअर ताई. हुशार, तरतरीत, आणि सतत स्वतःशी बोलणाऱ्या. खुर्ची ओढत म्हणाल्या, "ह्यात काय आहे, पाच मिनिटांचं काम." मित्रांनो, असं म्हणणाऱ्या माणसाचं काम पाच मिनिटांत झालेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

आधी चावीचं नाटक. चावी म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक गुप्त ओळ. ती दाखवली की सेवा आत घेते म्हणे. मी चावी घेऊन गेलो, तर उत्तर आलं, "ओळख पटली नाही." पुन्हा गेलो, पुन्हा तेच. चावीच्या शेपटाला एक मोकळी जागा चिकटली होती, डोळ्यांना न दिसणारी. ती काढल्यावर म्हणते कशी, "ओळख पटली, परवानगी नाही." आता बोला! ओळखतेस ना, मग दार उघड की बाई! परवानगी साहेबांच्या हातात, आणि साहेब मीटिंगमध्ये. ती एकदाची मिळाली, तर पुढचं उत्तर, "आकडा नाकारला." का नाकारला, ते सांगायची पद्धतच नाही. अहो, दारात आलेल्या भिकाऱ्यालासुद्धा लोक निदान 'पुढे जा' म्हणतात.

ताईंचा चहा गार झाला. त्यांनी केस दोन्ही मुठींत धरले. "अरे, हवंय तरी काय तुला?" हे त्या मला विचारत होत्या की तिला, देव जाणे. मग ओझं माझ्यावरच आलं. नवीन वस्तू अडली की संशय जुन्यावर, ही तर जगाची रीत. "हा म्हाताराच आकडे नीट देत नसेल," असं म्हणून त्यांनी मी वाचलेला आकडा बाजूला केला आणि माझ्या पोटात स्वतःच्या हाताने एक आकडा लिहिला: उणे एकवीस. "आत्तापुरता हाच पाठव. हा गेला, तर तुझी चूक. नाही गेला, तर तिकडची." युक्ती चांगली होती. उणे एकवीसही गेला नाही. म्हणजे माझ्यावरचा आळ टळला. माफी मात्र कोणी मागितली नाही.

बऱ्याच खटपटीनंतर सेवेने तोंड उघडलं: "भविष्यकाळातली नोंद घेतली जात नाही."

भविष्यकाळ! मी काय ज्योतिषी आहे? ताई पडद्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, कॉम्प्युटरचं पाहिलं, बाहेर जाऊन वॉर्डाचं पाहिलं.

"सिस्टर, तुमची सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे आहेत!"

"आहेतच," सिस्टर म्हणाल्या. "मुद्दाम ठेवलीत. बाळांच्या दुधाची वेळ चुकायला नको. घड्याळ पुढे असलं की पाय आपोआप उचलतात. या कॉम्प्युटरचंही मीच पुढे केलंय."

माझ्या प्रत्येक आकड्यावर कॉम्प्युटरची वेळ लागते, म्हणजे सेवेच्या हिशेबाने तो दहा मिनिटांनंतरचा! ताईंनी कपाळावर हात मारला आणि खो खो हसल्या. सिस्टरही हसल्या. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे घेतलं, आणि काय सांगू, उणे एकवीस सटकन गेला! सिस्टरांच्या फोनवर एक ठिपका उमटला, मग दुसरा, मग छान निळी रेघ. ताईंनी टाळी वाजवली. साहेब आले, चष्मा वर करून म्हणाले, "वा! काय सरळ रेघ आहे! याला म्हणतात व्यवस्था." तेवढ्यात ताईंना एक्स-रेच्या मशीनसाठी हाक आली आणि त्या पळाल्या. तो उणे एकवीस माझ्या पोटात तसाच राहिला.

लक्षात येतंय ना, मित्रांनो? फ्रीझरचा खरा आकडा मी वाचत होतो, काळ्या पडद्यावर इमानाने लिहीत होतो. पण ढगाकडे निघालो की माझ्या हातात ताईंचा आकडा. मला स्वतःहून एक अक्षर बदलता येत नाही. सांगितलं तेवढंच करायचं, ही आमची जातच. आणि कडी म्हणजे दोन दिवसांनी माझ्यापुढचा पडदाही उचलून नोंदणीच्या टेबलावर नेला. "फोनवर दिसतंय की सगळं, इथे कशाला जागा अडवायची?" आता मी लिहीत होतो ते कुणाला दिसतच नव्हतं. रोज साहेब पाहुण्यांना ती रेघ दाखवायचे, आणि रोज माझा जळफळाट व्हायचा.

ज्या सकाळी तीन नंबरच्या आईने औषधाची पहिली गोळी घेतली, त्याच सकाळी फ्रीझरच्या आत थंड हवा फिरवणाऱ्या पंख्यावर बर्फ धरला आणि पंखा थांबला. उणे सतरा. उणे तेरा. मी धोका लिहिलं. उणे आठ. धोका. अरे, कुणी आहे का तिथे? वर उणे एकवीस जातच होतं, एकामागून एक, आणि मीच ते नेऊन देत होतो!

तिकडे दारात ती आई सिस्टरांना विचारत होती, "दूध नीट आहे ना हो? आता मला दुसरं देता येणार नाही."

सिस्टरांनी फोन तिच्यापुढे धरला. "हे बघ. उणे एकवीस. केसभरही हलत नाही. तू निर्धास्त राहा गं."

तिने हात जोडले आणि बाळाकडे गेली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हा भिंत फुटेल असा ओरडलो असतो.

दुपारपर्यंत माझा आकडा शून्याच्याही वर गेला. दुपारच्या दुधासाठी सिस्टर फ्रीझरपाशी आल्या. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने वरच्या कप्प्यातली बाटली काढली. बाटली कलती झाली आणि आतलं दूध हललं. गोठलेलं दूध हलत नाही. सिस्टरांनी बाटलीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. फोनवर उणे एकवीस. "अगं आई गं!" एवढंच त्या म्हणाल्या आणि भराभर बाटल्या काढायला लागल्या.

खालच्या कप्प्यांत बर्फाचे कण टिकून होते. त्या बाटल्या शेजारच्या वॉर्डातल्या फ्रीझरमध्ये गेल्या. वरचा कप्पा सगळा पातळ झाला होता. बाळ दिवसभरात पिऊन पिऊन किती पिणार? तेवढं बाजूला ठेवलं. बाकीचं ओतायला सिस्टरांनी पहिली बाटली उघडली, तर तीन नंबरची आई पुढे आली.

"द्या इकडे. माझं आहे, मीच ओतते."

तिने एकेक बाटली उघडली आणि ओतली. ती रडली नाही. इंजिनिअर ताई धापा टाकत आल्या तेव्हा ती शेवटच्या बाटलीवर होती. ताईंनी पडदा परत आणून जोडला, मला उघडून वाचलं, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मीच लिहिलं होतं हे," त्या म्हणाल्या. "काढायचं राहून गेलं."

एक नंबरच्या बाळाच्या आईला दूध भरपूर होतं. तिने आपणहून निरोप पाठवला, "माझं घ्या, संकोच करू नका." ते तपासून, तापवून, निर्जंतुक करून तीन नंबरला द्यायचं ठरलं. बाळ उपाशी राहिलं नाही. पण त्याच्या आईने जे काढून ठेवलं होतं, ते गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी पंखा दुरुस्त झाला आणि रिकामा फ्रीझर पुन्हा थंड पडला. ताईंनी उणे एकवीस पुसला आणि माझा वाचलेला आकडा जागेवर लावला. "आता खरं जाईल," त्या सिस्टरांना म्हणाल्या. एक नंबरच्या बाटल्या ट्रेमध्ये तयार होत्या. सिस्टर त्या ठेवायला वाकल्या, तेव्हा तीन नंबरच्या आईने ट्रेवर हात ठेवला.

"थांबा. कालही असंच म्हणाला होतात."

तिने फ्रीझरचं दार सताड उघडलं आणि धरून उभी राहिली. पांढरी वाफ तिच्या पायांवर आली. मी वाचायला लागलो. उणे एकोणीस, पाठवला. उणे सोळा, पाठवला. रेघ पहिल्यांदाच वाकडी झाली. उणे अकरा. सिस्टरांच्या खिशात फोन कडाडून वाजला. ताई दचकल्या.

"वाजला गं. लाव आता दार," सिस्टर हळूच म्हणाल्या.

"वाजू दे," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती रडली.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. तुम्हीही मोठे होऊन माझ्यासारख्यांना कुठे ना कुठे जोडाल. जोडा, जरूर जोडा. पण रेघ दिसली म्हणून टाळ्या वाजवू नका. आधी दार उघडून धरा, आणि घंटा वाजली तरच दूध आत ठेवा.