शब्बाथला चालू राहिलेला संगणक

मित्रांनो, लंडनमधल्या हाउन्सलोच्या एका लाल विटांच्या घरात जिन्याखालून जी घरघर ऐकू येते, ती फ्रिजची नव्हे, माझी. मी एक जुना डेस्कटॉप संगणक आहे. वय वर्षे तेरा. तुमच्यात तेरा म्हणजे शाळेत पळायचे वय. आमच्यात मात्र एवढे वय झाले की लोक तोंडावरच विचारतात, "हा अजून चालतो?" चालतो बरे! आणि आज जी गोष्ट तुम्हांला सांगणार आहे, त्यात तर मी सव्वीस तासांहून जास्त वेळ श्वासही न घेता काम केले आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. तो झाला राजेंद्र गजभिये यांच्या जेवणाच्या टेबलावर. राजेंद्र विमानतळावर संगणक दुरुस्तीच्या विभागात होते आणि माझे मालक योएल पेणकर तिथेच कार्गोच्या ऑफिसात. एकदा कँटीनमध्ये योएल डबा उघडून स्वतःशीच पुटपुटले, "हॅनाह मीठ विसरली वाटतं," आणि पलीकडच्या टेबलावरून राजेंद्रांनी न बोलता मिठाची पुडी पुढे सरकवली. तेव्हापासूनची ही मैत्री. एक पेणचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, दुसरे नागपूरचे बौद्ध. एक शालोम म्हणायचे, दुसरे जय भीम, आणि मग दोघे मिळून इथल्या हवेला नावे ठेवायचे.

राजेंद्रांनी माझे सुटे भाग जमवले, लोखंडी चौकटीला आधी हात लावून अंगातली वीज उतरवली आणि मेमरीच्या दोन पट्ट्या अंगठ्यांनी दाबून बसवल्या. टक, टक. मेमरी म्हणजे माझे कपाट नव्हे, माझे टेबल. कपाटात वस्तू कायमच्या राहतात, टेबलावर आत्ता हातातले काम पसरलेले असते. माझे टेबल त्या काळाच्या मानाने चांगले ऐसपैस होते.

मला घरात जागा दिली ती हॅनाहबाईंनी, योएल यांच्या पत्नीने. माझ्यावरून त्या ठाण्याच्या बहिणीशी तासन्‌तास बोलत. मलिद्याला, म्हणजे एलियाहू नबीच्या नावाने होणाऱ्या प्रार्थनेला, कोण कोण येणार, गोड पोहे किती भिजवायचे, नारळ किती, फळे किती, ही यादीही माझ्याचकडे असे. पण माझ्या मनात राहिला आहे तो शुक्रवार. शुक्रवारी सूर्य कलायच्या आत त्या मला बंद करीत, क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल माझ्या पडद्यावर टाकीत आणि म्हणत, "चल, आता तुलाही शब्बाथ." मग त्या दिवे लावीत. एकदा दिवे लागले की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत कोणत्याही स्विचला हात लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. मित्रांनो, जगात किती संगणकांना आठवड्याची हक्काची सुट्टी मिळते? मला मिळत होती.

चार वर्षांपूर्वी हॅनाहबाई गेल्या. रुमाल टाकायचे काम योएल करू लागले, पण ते वाक्य काही त्यांच्या तोंडून येईना. घर फार शांत झाले. मलाच माझी घरघर मोठी वाटू लागली.

हॅनाहबाईंच्या मागे त्यांची एक वही राहिली. मलिद्याच्या वेळी म्हणायची चोपन्न मराठी गाणी त्यांनी त्यात बारीक, तिरक्या अक्षरात उतरवली होती. हे अक्षर नव्या मुलांना काय, मोठ्यांनाही लागत नव्हते. योएल यांनी ठरवले की ती सगळी गाणी मोठ्या टाइपात लिहून काढायची, तीस पुस्तिका छापायच्या आणि नोव्हेंबरात हॅनाहबाईंच्या स्मरणाच्या दिवशी मलिद्याला सगळ्यांच्या हातात द्यायच्या. रोज सकाळी चहा झाला की ते चष्मा पुसून माझ्यासमोर बसत. दोन बोटांनी टाइप करीत आणि प्रत्येक ओळ आधी गुणगुणून घेत. बायकोचा आवाज आठवून लिहीत असावेत. मी तरी तसेच समजत होतो.

आता खरे सांगायचे तर मी तोवर फार मंद झालो होतो. नवे नवे प्रोग्रॅम आले आणि माझे ऐसपैस टेबल तोकडे पडू लागले. योएल एक अक्षर दाबीत आणि मी ते दाखवीपर्यंत चहाचा घोट घेऊन होई. त्यांची मुलगी तमार बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ऑगस्टमध्ये ती आली आणि म्हणाली, "पप्पा, ह्याला रिसायकलिंगला देऊन टाका ना. मी तुम्हांला लॅपटॉप आणते."

"हॅनाहचा आहे तो," योएल म्हणाले. विषय संपला.

मग तमारने मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या मागवल्या. माझे झाकण उघडल्यावर आतली धूळ पाहून तिने नाक मुरडले. ब्रशने साफ करताना मात्र हात हलका होता, आईसारखा. जुन्या दोन पट्ट्यांशेजारी तिने नव्या दोन बसवल्या. टक, टक. वीस मिनिटांची एक तपासणी चालवली आणि म्हणाली, "ऑल गुड, पप्पा." नव्या पट्ट्या दिसायलाही देखण्या, पाठीवर चंदेरी पत्रा. मी वाऱ्यासारखा धावू लागलो. योएल यांनी राजेंद्रांना मुद्दाम फोन करून माझे कौतुक सांगितले. माझा पंखाही जरा ऐटीत फिरू लागला.

पण म्हणतात ना, नव्याचे नऊ दिवस! सप्टेंबरात विपरीत घडू लागले. योएल एखादे गाणे नीट लिहून, वाचून, जपून ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तर त्यात भलतीच अक्षरे. कधी आख्खे कडवे नाहीसे. कधी फाईल उघडायलाच तयार नाही. मी जे टेबलावर ठेवत होतो तेच उचलून कपाटात ठेवत होतो. मधल्या मध्ये कोण बदलत होते, ते मला कळत नव्हते. तुमच्या पोटात दुखले तर नेमके कुठे दुखते ते तुम्हांला तरी सांगता येते का?

योएल यांनी मला दोष दिला नाही. त्यांनी स्वतःला दिला. "काल मीच चुकीचं लिहिलं असेन," ते म्हणत आणि पुन्हा लिहायला बसत. तेच गाणे तिसऱ्यांदा लिहिताना ते वहीतल्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवीत. मित्रांनो, त्या दिवसांत मला बोलता आले असते तर मी ओरडून सांगितले असते.

ऑक्टोबरात तमारने छापील पाने पाहिली. तिच्या फोनमध्ये 'पप्पा' नावाची एक यादी होती. पप्पा बसचा स्टॉप चुकले, पप्पांनी गॅस चालू ठेवला, अशी एकेक नोंद, तारखेसकट. तिने हळूच त्यात भर घातली. मग म्हणाली, "पप्पा, प्लीज रागावू नका. आपण जीपीला, आपल्या डॉक्टरांना, भेटू या. आणि मम्माची वही मी घेऊन जाते पुढच्या वीकेंडला. मी करते टाइप, कोणाची तरी हेल्प घेऊन. तुम्हांला आता स्ट्रेस नको."

योएल यांनी फक्त वहीवर हात ठेवला. तो हात किती वेळ तसाच होता, हे माझ्याइतके कोणी पाहिले नाही. वही गेली असती तर सकाळचे गुणगुणणे गेले असते. त्याहून वाईट म्हणजे, आपले डोके आता भरवशाचे राहिले नाही, यावर त्यांनी स्वतःच शिक्का मारला असता.

त्या ठरलेल्या शुक्रवारी दुपारी राजेंद्र आले. योएल यांनी सगळे सांगितले तेव्हा ते भडकलेच. "चोर सोडून संन्याशाला फाशी! अरे, मशीन तपासलंस का? आमच्या तथागतांनी सांगून ठेवलंय, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पडताळून बघा. तू तर स्वतःवरच ठपका ठेवून बसलास!"

"तमारने तपासलंय."

"वीस मिनिटं! मेमरी तपासायची तर नीट तपासावी. हा पेनड्राइव्ह लाव. एक फेरी दोन तासांची आहे. संध्याकाळी फेरी झाली की काय म्हणते ते बघ आणि बंद कर."

पावणेतीनला तपासणी सुरू झाली. योएल यांनी हिशेब केला, पावणेपाचला संपेल, दिवे साडेपाचला. वेळच वेळ आहे. राजेंद्र बस पकडून घरी गेले.

चारला तमार आली ती घाईतच. "पप्पा, अजून तयार नाही? दिवे सव्वाचारला आहेत!"

"सव्वाचार? साडेपाच ना?"

"ते लास्ट वीक. रविवारी विंटरसाठी क्लॉक्स एक तास मागे गेले ना, पप्पा!"

योएल यांचा चेहरा उतरला. घरातली घड्याळे त्यांनी स्वतःच मागे केली होती, पण दिव्यांची वेळ काही डोक्यात मागे गेली नव्हती. तमारने फोन काढला. यादीत आणखी एक ओळ पडली, हे सांगायला नको. योएल धावत अंघोळीला गेले आणि ते बाहेर येईपर्यंत तमारने आईचे दिवे लावले होते. मी आपला पडद्यावर आकडे मोजत बसलेलो.

"मी बंद करू ह्याला?" तमारने विचारले. ती स्वतः एवढी कडक नाही.

"नको. दिवे लागले. हॅनाहने हात लावला असता का?"

अशा रीतीने तेरा वर्षांत पहिल्यांदा मी शब्बाथला जागा राहिलो. डोक्यावर रुमाल नाही, पोटात पंखा भणभणतोय. पावणेपाचला पहिली फेरी संपली. चूक एकही नाही! ठरल्याप्रमाणे मला तेव्हा बंद केले असते तर मेमरी निर्दोष आणि योएल दोषी, असाच निकाल लागला असता. पण बंद कोण करणार? दुसरी फेरी लागली, मग तिसरी.

शनिवारी सकाळी नाश्त्याला तमारने सहज विचारले, "पप्पा, मम्मा ते एलियाहूचं कोणतं गाणं म्हणायची, फर्स्टवालं?" योएल यांनी डोळे मिटले आणि वही न उघडता म्हणून दाखवले. अकरा कडवी. एक शब्द अडला नाही. तमारच्या हातातला पावाचा तुकडा हातातच राहिला.

आणि त्याच वेळी माझ्या निळ्या पडद्यावर लाल ओळ उमटली. मग दुसरी. दुपारपर्यंत तेरा. दोघांनी पाहिल्या, बोलले मात्र कोणीच नाही. शब्बाथला कामाचे बोलायचे नाही. पण योएल त्या दिवशी माझ्यासमोरून विनाकारण बऱ्याच वेळा गेले, एवढे खरे.

चांदण्या दिसल्या, शब्बाथ सुटला आणि पहिला फोन राजेंद्रांना गेला. ते आले आणि त्यांनी चारही पट्ट्या काढून एकेक करून बसवायला सुरुवात केली. या वेळी कुणालाच घाई नव्हती. सोमवारी संध्याकाळी निकाल लागला. जुन्या दोन्ही पट्ट्या खणखणीत. नव्यांपैकी एक बिघडलेली, तीही लबाड. हजारदा बरोबर सांगायची आणि एकदा फसवायची. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!

तमारने ती चंदेरी पट्टी हातात घेतली. "मी टेस्ट केली होती," ती म्हणाली. "वीस मिनिटं. आणि तुम्हांला मी..." तिने फोन काढला आणि यादीतल्या गाण्यांबद्दलच्या ओळी पुसू लागली.

योएल यांनी तिचा हात धरला. "घड्याळाची ओळ ठेव. ते मी खरंच विसरलो होतो."

"पण तुम्ही विसरलात म्हणून तर सापडलं, पप्पा!"

"तरी ठेव. आणि जीपीची अपॉइंटमेंटही ठेव. मशीन तपासलं, आता मलाही तपासू दे." मग हसून म्हणाले, "पण त्यांना सांग, वीस मिनिटांत उरकू नका."

तमार रडली. लोखंडाच्या पेटीला रडता येत नाही, म्हणून मी पंखा जरा जोरात फिरवला.

वही घरातच राहिली. पुढले दोन आठवडे तमार रोज फोनवरून छापील पाने वाचून दाखवी, योएल वहीशी ताडून बघत. "ही अक्षर कळत नाही, पप्पा," ती म्हणे. "हे अक्षर," ते म्हणत आणि गाऊनच दाखवत. मलिद्याला तीस जणांच्या हातात तीस पुस्तिका होत्या. गाण्याचा आवाज जिन्याखाली माझ्यापर्यंत आला.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आमच्या पोटातली धूळ अधूनमधून काढत जा. नवे जरूर आणा, पण तेही तपासून घ्या. आणि घरात कुणी चुकू लागले, तर ते जुने झाले असे म्हणण्याआधी त्यांच्याजवळ पुरेसा वेळ बसा.

मलिद्यानंतरच्या शुक्रवारी तमार साडेतीनलाच आली. तिने मला बंद केले, धुतलेला पांढरा रुमाल पडद्यावर टाकला, त्याची टोके सारखी केली आणि योएल यांच्याकडे न बघता म्हणाली, "चल, आता तुलाही शब्बाथ."

स्वयंपाकघरात योएल यांच्या हातातला चमचा थांबला. मग त्यांनी तिला हाक मारली, दिवे लावायला.