नेहमीचं म्हणजे काय

कडा तपकिरी पडलेली दोन डझन कार्नेशनची फुलं.

एका शब्दाचा फोन.

झाकण न बसणारं कचऱ्याचं पिंप.

लेकीची अर्धी कोरी भूगोलाची वही.

आता हे चारही एका दुकानात आणू. दुकान फुलांचं, सासऱ्यांचं. दर सोमवारी सकाळी ते घाऊकवाल्याला फोन लावत, "नेहमीचं" म्हणत आणि ठेवून देत. मंगळवारी माल येई, शनिवारपर्यंत निम्मा पिंपात जाई. गिऱ्हाईक मात्र शनिवारीच येई, उरल्यासुरल्या फुलांकडे बघे आणि शेजारच्या केकच्या दुकानात शिरे.

सून सहा आठवडे त्या पिंपात डोकं घालून होती. काय फेकलं, कुठल्या वारी फेकलं, सगळं भूगोलाच्या वहीत. मग म्हणाली, "बाबा, महिनाभर ऑर्डर मी देते."

"महिना कशाला? आठवडा घे. शनिवारी पिंप भरलेलं दिसलं, तर फोन माझा. पुन्हा विषय काढायचा नाही."

तिनं घाऊकवाल्याला विचारलं, "आमचं नेहमीचं म्हणजे नक्की काय हो?"

तो ओशाळून हसला. "वहिनी, खरं सांगू? आमच्याकडे नेहमी जे उरतं, ते."

हे तिनं घरात सांगितलं नाही. वही उघडली. कार्नेशन टिकतात, तेव्हा ती पंधरवड्यातून एकदा. गुलाब शुक्रवारी सकाळी. लिली मंगळवारी, पण पूर्ण मिटलेली.

"मिटलेली?" घाऊकवाला म्हणाला. "ती कोणी घेत नाही."

"म्हणून तर मला द्या."

बुधवारी सासऱ्यांनी बादल्या पाहिल्या. हिरव्यागार मिटलेल्या कळ्या, शेंगांसारख्या, दोनशे तरी असतील.

"भेंडी मागवलीस का गं?"

नवरा हसला. तिनं नुसतं पाहिलं, तसा गुमान देठ छाटायला बसला. गुरुवारीही तीच भेंडी. तिचा जीव टांगणीला. पाणी बदललं, बादल्या खिडकीकडे सरकवल्या. शुक्रवारी एका कळीनं फट दाखवली. एकीनंच.

शनिवारी शटर वर केलं आणि वासच अंगावर आला. सगळ्या बादल्या पांढऱ्या झालेल्या. केकच्या रांगेतली माणसं माना वाकडी करून बघू लागली, मग रांगच इकडे वळली. दोनच्या आत बादल्या रिकाम्या.

"लिली आहे का?" कोणीतरी विचारलं.

"संपली," सासरे म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडाला नवा होता. चौथ्या गिऱ्हाइकापर्यंत तो चांगलाच रुळला, पाचव्याला तर त्यांनी न विचारताच सांगून टाकलं.

संध्याकाळी त्यांनी पिंपात डोकावून पाहिलं. तळाला देठांचे तुकडे, बस.

"सोमवारचा फोन तूच कर."

"काय सांगू? नेहमीचं?"

"वात्रटपणा नको," ते म्हणाले आणि तोंड फिरवून हसले.

हे दुकान पहिल्यांदा उघडलं तेव्हा सासरे एकोणीस वर्षांचे होते आणि लिली त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. आज तीच लिली त्यांच्या दुकानात संपली होती.