उजवा कळा

किशोरीला रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीत लिपिकाची नोकरी लागली. जन्मापासून दृष्टी नसलेली पोर. आई सुगंधा सातवीपर्यंतच शिकलेली, पण चुलीपुढे बसून अडखळत अडखळत तिने लेकीला बी.ए.ची पुस्तकं वाचून दाखवली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. मात्र कुणी गाव सोडणार असेल तर आधी देवाला कौल लावायचा, ही मसुऱ्याकडची रीत. देवाच्या अंगाला फुलाची कळी, म्हणजे कळा, चिकटवायचा; उजवीकडे पडला तर होकार, डावीकडे पडला तर नकार. बाबा, म्हणजे दत्ताराम, एकटेच देवळात गेले आणि परत येऊन म्हणाले, "कळो डाव्याक पडलो. देव नको म्हणता."

देवाचा शब्द ओलांडायची छाती कुणाची? किशोरी "बरा" म्हणाली आणि सूप पुढ्यात ओढून तांदूळ निवडू लागली. दोन दिवस ती निवडतच राहिली. रडू आलं नाही. भूकही लागली नाही.

शनिवारी धुण्याला काढलेल्या बाबांच्या सदऱ्याच्या खिशात तिच्या बोटांना एक सुकलेली कळी लागली.

"आये, देवान नको म्हटल्यार कळो घराक आणतत?"

"नाय गो. उजवो पडलो तरच गुरव प्रसाद म्हणान हातार ठेवता," आई म्हणाली. दगडावर आपटणारा कपडा मध्येच थांबला.

दुपारी बाबा पेजेला बसले.

"बाबा, कळो खंयच्या बाजूक पडलेलो?"

भुरका बंद झाला.

"थंय तुका कोण बघतला?" बाबा म्हणाले. "जिन्यार पडलंस तर?"

"हंय पडाक नाय? गेल्या पावसात पाणंदीत दोनदा पडलंय."

"तेव्हा मी होतंय."

"तुमी बाजारात होतास. माझी मीच उठलंय."

पेजेचं ताट सरकवल्याचा आवाज आला.

"देवाकडे खोटा नाय बोललंय," शेवटी बाबा म्हणाले. "तुका बोललंय."

आता आपल्याला राग येईल, म्हणून किशोरी थोडी थांबली. आला नाही. मग तिने उठून पिशवी भरायला घेतली.

रविवारी थांब्यावर गाडी आली. किशोरी चढली, तिच्यामागून बाबाही चढले.

"सोबत कोण आसा?" कंडक्टरने विचारलं.

"कोण नाय," किशोरी म्हणाली. "एक रत्नागिरी."

बाबांनी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. क्षणभर ते तसेच उभे राहिले असावेत. मग उतरताना पायऱ्यांवर त्यांच्या वहाणा वाजल्या आणि कंडक्टरने घंटी मारली.