खडीवरचा आकडा

माझा काटा शून्यावर कधीच पुरता थांबत नाही. दगडात, पावसात, तुमच्या शरीरातही थोडा किरणोत्सर्ग असतोच. त्यामुळे तो हलकेच थरथरत राहतो.

मित्रांनो, मी एक जुने किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र आहे. किरण आले की टकटक करते. काम एवढेच, पण माझे म्हणणे नीट ऐकून घेणारा माणूस मला क्वचितच भेटला!

कारखान्यात मला जोडले, तपासले आणि प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर पाठवले. तिथे एका मोठ्या देशाने अणुबाँब फोडून पाहिले होते. मानवजातीच्या भल्यासाठी, असे बेटावरच्यांना सांगून! त्यांतल्या एका स्फोटाची पांढरी राख शेजारच्या या बेटावर पडली. मुले तिच्यात खेळली. मग सर्वांना बोटीने दूर नेले.

तेव्हापासून अधूनमधून मला इथे आणतात आणि विचारतात, "धोका नाही ना?" अहो, मी फक्त मोजते! पोरांच्या वाट्याला किती धोका द्यायचा, हे माणसांनी ठरवायचे.

यंदा लिबोनआजी आली. राखेत खेळलेल्या मुलांपैकी ती एक. या बेटांवर जमीन आईकडून मुलीकडे जाते. घरातल्या थोरल्या बाईने शब्द दिल्याशिवाय कुणी राहायला जात नाही. आजीने "बघू, बघू" म्हणत वर्षे काढली होती. तिचा मुलगा जोबान मुलाबाळांसह परतायला उतावीळ झाला होता.

तपासणीला आलेल्या साहेबांनी मला नव्या घराच्या अंगणात धरले. रीतीप्रमाणे तिथे समुद्रकाठची पांढरी खडी ताजी अंथरली होती. काटा जेमतेम हलला.

"बघा, उत्तम!" साहेब म्हणाले.

मला जिथे धरतात तिथलेच मी सांगणार ना!

"साहेब, आम्ही खडी शिजवून खायची का?" आजी म्हणाली. "ते माडाखाली न्या."

"आई, तुझं आपलं काहीतरीच!"

"गप रे. नारळ काय अंगणात उगवतो?"

माडाखालच्या मातीजवळ नेताच मी भराभर टकटकू लागले. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम कमी, म्हणून माड त्याच्याऐवजी राखेतून मुरलेले किरणोत्सारी सीझियम शोषतो. ते नारळात उतरते, नारळ खाणाऱ्या खेकड्यात उतरते.

साहेबांनी माझा आवाज बारीक केला.

हेच! नेमके हेच मला सोसत नाही. मित्रांनो, हवे तर मला पुसू नका, पेटीत गंजू द्या. पण माझा आवाज बारीक करू नका. तिकडे बाँब मात्र पुसून, तपासून सज्ज ठेवतात. काळजी घ्यायची ती कशाची!

"थोडंच तर आहे, आई," जोबान म्हणाला. "चर्चही नवं बांधलंय. तुझ्या आईशेजारी निजायचंय, असं तूच म्हणायचीस ना? आता तरी बोल."

आजी आईच्या थडग्यापाशी गेली. त्यावरही पांढरी खडी होती. वाकून तिने ती हाताने सारखी केली.

"मला इथंच आणा, मेल्यावर," ती म्हणाली. "पोरांना नाही. जिवंत माणसांनी इथं राहायचं नाही."