मर्डोच्या दुकानाची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या एका किनारी गावात मर्डो मॅक्लाउडचे हार्डवेअरचे दुकान आहे. त्याच्या दाराबाहेर, भिंतीवरच्या खिळ्याला मी टांगलेली असते. माझ्या एका अंगावर हिरव्या रंगात 'उघडे' लिहिले आहे आणि दुसऱ्या अंगावर लाल रंगात 'बंद'. मला एवढे दोनच शब्द येतात. पण त्या दोन शब्दांपायी या घरात काय काय झाले, ते सांगायला मला बराच वेळ लागेल.

मी जन्माने पिंपाचे झाकण. मर्डोच्या वडिलांकडे खिळे पिंपातून येत. एक पिंप फुटले, तेव्हा त्याचे झाकण त्यांनी तासून घेतले. नवी सून एफी हिचे अक्षर बरे, म्हणून रंगवायचे काम तिच्याकडे आले. तिने 'उघडे' जरा उतरते काढले. मर्डो म्हणाला, "राहू दे, गिऱ्हाईक घसरून थेट आत येईल." गावात निम्मे लोक मॅक्लाउड, त्यामुळे प्रत्येकाला टोपणनाव असते. मर्डोला सगळे 'खिळे मर्डो' म्हणत.

त्या काळी आमच्या प्रांतात रविवारी दुकाने बंद ठेवायचा कायदा होता. आमच्या घराला कायद्याची गरज नव्हती म्हणा. रविवार देवाचा, म्हणून ही कडवी ख्रिस्ती माणसे त्या दिवशी लाकूड फोडत नसत, फोन उचलत नसत, रविवारच्या जेवणाचे बटाटेसुद्धा शनिवारी सोलून पाण्यात ठेवत. शनिवारी संध्याकाळी एफी बाहेर येई, पदराने पुसावे तशी मला एप्रनने पुसे आणि लाल बाजू पुढे करी. दुसऱ्या दिवशी देवळातून परत आल्यावर मुलगी लॉर्ना, मर्डो आणि एफी एका टेबलाशी जेवत. मला खिडकीतून ते ऐकू येई. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे तास तेच.

अडलेल्याचे मात्र अडू देत नसत. थंडीत कुणाचा नळ फुटला तर तो मागच्या स्वयंपाकघराच्या दाराने येई. आधी चहा पिई, हवापाण्याचे बोले, कुणाची गाय व्याली ते सांगे. अगदी उठताना म्हणे, "मर्डो, एखादा वॉशर पडलाय का रे तुझ्याकडे?" मर्डो वॉशर देई. पैसे सोमवारी पुढच्या दाराने येत. रविवारी विकले कुणीच नाही आणि रिकाम्या हाताने गेलेही कुणी नाही. 'मर्डोची पाटी बंद, मर्डो उघडा,' असे लोक म्हणत तेव्हा मला माझाच अभिमान वाटे.

मग शहरातल्या मोठ्या दुकानांना रविवार हवासा झाला. लोकांनी मतदानात नको म्हटले. लहान दुकानांना सूट होती, तर काही मोठ्यांनी कागदावर स्वतःचेच तुकडे करून आपण लहान असल्याचे सांगितले. प्रकरण कोर्टात गेले आणि दोन हजार सहा सालच्या पानगळीत तो कायदाच रद्द झाला. आता ज्याला हवे त्याने उघडावे.

लॉर्ना तेव्हा शहरातल्या एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर होती. रविवारी यायला नाही म्हणायचा हक्क कायद्याने कामगाराला ठेवला होता. पण नाही म्हणणाऱ्याच्या वाट्याला पुढच्या आठवड्यात कामाचे तासच कमी येत. रविवारच्या टेबलाशी तिची खुर्ची रिकामी राहू लागली. एफी तिथेही ताट मांडी आणि न बोलता उचलून ठेवी. मला ते बघवत नसे.

एका संध्याकाळी लॉर्ना म्हणाली, "बाबा, सुट्टीच्या घरांकडे येणारी शहरी माणसं रविवारीच रंग आणि कुलपं शोधत फिरतात. तुम्ही रविवारी उघडलंत तर दुकान आपल्या तिघांना पोसेल. मी ती नोकरी सोडून इथेच येते."

"माझा बाप थडग्यात कूस बदलेल," मर्डो म्हणाला.

"बदलू दे," एफी म्हणाली. "एकाच कुशीवर किती वर्षं झोपायचं माणसानं?"

"ठीक आहे," मर्डो शेवटी म्हणाला. लॉर्नाने सांगितले, की येत्या रविवारी साहेबाला रविवारच्या कामाबद्दल कायमचे हो किंवा नाही कळवायचे आहे. "दुपारच्या सुट्टीत गाडीने येऊन बघून जाईन. पाटी हिरवी दिसली, की तशीच जाऊन राजीनामा देते."

त्या रविवारी सकाळी एफीने मला फिरवले. आयुष्यात पहिल्यांदा रविवारचे ऊन माझ्या हिरव्या अंगावर पडले. मर्डो देवळातलाच कोट आणि टाय घालून गल्ल्यामागे उभा राहिला.

आणि तेवढ्यात ह्यूई आला. ह्यूई म्हणजे शेजारी, देवळातला पंच, मर्डोचा बालमित्र. त्याने माझ्याकडे पाहिले, रस्त्यावर दोन्हीकडे पाहिले. "खिळे मर्डो म्हातारा झाला," तो पुटपुटला. "काल पाटी फिरवायची विसरला. कुणी बघितलं तर काय म्हणतील?" त्याने मला हळूच उलटी केली, टोपी सारखी केली आणि नेहमीसारखा मागच्या दाराकडे गेला.

मित्रांनो, मला तोंडे दोन आहेत, पण आवाज एकही नाही. गाड्या आल्या, थांबल्या, लाल रंग वाचून निघून गेल्या. दुपारी लॉर्नाची निळी गाडी आली. काच खाली झाली. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग तिने डोळे पुसले आणि गाडी वळवली. तेव्हा मला फार वाईट वाटले. वाऱ्याचा एक झोत आला असता तरी चालले असते, पण त्या दिवशी समुद्रसुद्धा गप्प होता.

दिवस कलल्यावर मर्डो स्वयंपाकघरात गेला. तिथे ह्यूई पुन्हा येऊन ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाचे बिस्कीट, खात बसला होता.

"एक माणूस फिरकलं नाही," मर्डो म्हणाला.

"कसं फिरकेल? अरे, सकाळी तुझी अब्रू वाचवली मी. पाटी 'उघडे' राहिली होती. गुपचूप फिरवली."

एफीच्या हातातली किटली तशीच राहिली. पुढचे कुणी बोलणार, तोच मागचे दार उघडले आणि मोठ्या दुकानाचा गणवेश घातलेली लॉर्ना आत आली.

"मी दुपारी येऊन गेले," ती म्हणाली. "बाबा, तुमचं मन झालं नाही, समजलं मला. मी साहेबाला हो म्हटलंय."

ह्यूईने ओटकेक खाली ठेवला. त्याने सगळे सांगितले आणि मान खाली घातली. मर्डो त्याच्यावर ओरडेल असे मला वाटले. पण मर्डो म्हणाला, "त्याच्या जागी मी असतो तर मीही फिरवली असती."

मग एफीने विचारले, "लॉर्ना, सोमवारी सुट्टी आहे ना तुला?"

"आता आहे. रविवारच्या बदल्यात."

एफी उठली. तिने कोपऱ्यातली बटाट्यांची टोपली टेबलावर ठेवली, सुरी घेतली आणि रविवारी, देवळाच्या पंचासमोर, उद्याच्या जेवणाचा बटाटा सोलायला लागली. ह्यूई थोडा वेळ छताकडे पाहत बसला. मग म्हणाला, "एफी, आणखी एक सुरी दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी एफीने मला एप्रनने पुसून लाल बाजू पुढे केली. तेव्हापासून आमचे दुकान रविवारी उघडे आणि सोमवारी बंद असते. शहरी गिऱ्हाईक येऊ लागले आणि पुढे मर्डोचे गुडघे गेल्यावर लॉर्ना नोकरी सोडून दुकानात आलीच. तिने सोमवार सोडला नाही. बाकी दुकानांत आता लखलखत्या दिव्यांच्या पाट्या आहेत. माझा हिरवा रंग उडाला आहे, लालही पोपडे धरू लागला आहे. रंगाचा डबा आतच फळीवर आहे, पण लॉर्नाला सवड होत नाही.

तर मित्रांनो, कधी आमच्या गावात आलात आणि मी 'बंद' दिसले, तर चिडू नका. आत कुणी तरी जेवत असेल. मागच्या दाराने या, चहा मिळेल. आणि मी तुम्हाला उलटी टांगल्यासारखी वाटले, तर मला हात लावण्याआधी आत जाऊन एकदा विचारा.