चौदा स्क्रम

तिसऱ्यांदा शिट्टी वाजली, तेव्हा नदीपलीकडच्या संघाचा हाफ हातातला चेंडू गवतावर आपटणारच होता. पण रेफरी आपल्याकडेच बघतोय हे लक्षात येताच त्याने तो पोटाशी धरला.

“आता काय झालं, सर?”

“तेच. तिरका.”

“सहा वर्षं असाच टाकतोय, सर. तुमच्यासमोर!”

कडेला उभ्या असलेल्या लोकांत हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, “सरळ बोटानं तूप निघत नाही हो, रेफरीसाहेब!”

रेफरी हसला नाही. त्याने नुसता हात पुढे करून हवेत रेघ मारून दाखवली. मधून.

रग्बीच्या स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांत डोकी अडकवून रेटा देतात. त्यांच्यामध्ये जो बोगदा तयार होतो, त्यात हाफने, म्हणजे स्क्रमच्या बाहेर उभ्या असलेल्या गड्याने, चेंडू सोडायचा, तोही बरोबर मधून. म्हणजे दोन्हीकडच्या पुढच्या रांगेतल्या मधल्या गड्याला तो पायाने मागे ओढायची सारखी संधी मिळते. नियम असा होता खरा, पण कितीतरी वर्षं तो पुस्तकातच राहिला होता. हाफ चेंडू हळूच आपल्याच माणसांच्या पायांत सारायचे, मधल्या गड्याला पाय उचलायचीही गरज पडायची नाही, आणि रेफरी कानाडोळा करायचे. सगळेच करायचे. हा रेफरीही करायचा. मग या हंगामाच्या तोंडावर संघटनेचं पत्रक आलं, की चेंडू सरळच गेला पाहिजे, कोणाचीही गय करू नका. आज हंगामातला पहिला शनिवार होता.

पुन्हा स्क्रम लागला. पुन्हा चेंडू नदीपलीकडच्यांचा. “बांधा,” रेफरी म्हणाला. डोकी आत गेली. हाफने एकदा रेफरीकडे रागाने पाहिलं आणि चेंडू आत सोडला. दोरीवरून गेल्यासारखा मधोमध.

नदीपलीकडच्यांचा मधला गडी व्यवसायाने न्हावी होता. तिशीच्या आतबाहेरचा, रुंद खांद्यांचा, कायम हसतमुख. त्याने उजवा पाय उचलला. आणि त्याच क्षणी समोरच्या, गोदी कामगारांच्या संघातल्या आठही जणांनी रेटा दिला. एका पायावरचा न्हावी आतल्या आत दुमडला, पुढची रांग त्याच्यावर कोसळली आणि मागच्यांचं वजन वर आलं.

आवाज फार मोठा झाला नाही. वाळकी काटकी पायाखाली यावी, एवढाच. पण रेफरी दोन पावलांवर होता. त्याने तो ऐकला.

शिट्टी त्याने लगेच फुंकली आणि फुंकतच राहिला. एकेक जण उठत गेला. पंधरा उठले. न्हावी पालथा पडला होता, गाल गवताला टेकलेला, डोळे उघडे. रेफरी गुडघ्यावर बसला.

“हलू नकोस. अजिबात हलू नकोस.”

“सर,” न्हावी अगदी साध्या आवाजात म्हणाला, एखादी वस्तू सापडत नसावी तसा, “माझा हात कुठंय?”

हात त्याच्या डोळ्यांसमोर, नाकापासून वीतभर अंतरावर पडला होता.

*

रेफरीचं पोट रेफरीपणावर नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. चोवीस वर्षं त्याने उंच इमारतींच्या पोटातल्या त्या अंधाऱ्या विहिरींत, लिफ्टच्या टपावर उभं राहून, तारा, कप्प्या आणि ब्रेक तपासण्यात काढली होती. पन्नाशी उलटली होती. तरुणपणी अकरा वर्षं तो स्वतः रग्बी खेळला, पुढच्या रांगेत, मधला गडी म्हणूनच. गुडघे गेले तेव्हा हातात शिट्टी घेतली.

त्या शनिवारी घरी आल्यावर तो मोरीत जाऊन हात धूत बसला. बायको दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा तिने नळ बंद केला.

“अहो, काय झालं ते सांगाल का?”

त्याने सांगितलं.

“पण तुम्ही नियमच पाळलात ना?”

“हो.”

“मग?”

त्याने नळ पुन्हा सोडला.

सोमवारी तो कामावर गेला. लिफ्टच्या टपावर चढला, पाना हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. खालून जोडीदाराने तीन हाका मारल्या. “काय रे, झोप लागली का वर?” त्याला वर यावं लागलं, आणि याच्या हातातला पाना सोडवून घ्यावा लागला. बोटं इतकी आवळलेली होती.

रोज दुपारी तो रुग्णालयात फोन करायचा. मानेचा मणका मोडला होता. शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला. पाय हलू लागले. उजवा हात मात्र कोपरापासून खाली आपला राहिला नाही.

*

तीन आठवड्यांनी संघटनेने चौकशी बोलावली. लांब टेबल, पाण्याचे पेले, भिंतीवर पांढरा पडदा. अध्यक्ष पेशाने वकील होते. सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत. नदीपलीकडच्या संघाचा प्रशिक्षकही आला होता, टोपी हातात चुरगाळत.

“मधल्या गड्याकडून पाय मारायचा सराव करून घेता का तुम्ही?” वकीलसाहेबांनी त्याला विचारलं.

“नाही.”

“का?”

“कशाला घेणार, साहेब? चेंडू तिरकाच यायचा. पाय उचलावाच लागायचा नाही.” त्याचा आवाज चिरकला. “या पोराला आला पाय उचलायचा प्रसंग, तो हा पहिला.”

मग त्या शनिवारचं चित्रण लावलं. रेफरीने खाली बघितलं. काटकीचा आवाज चित्रणात आलाच नव्हता.

“चेंडू सरळ, बांधणी नीट, शिट्टी वेळेवर,” वकीलसाहेब म्हणाले. “रेफरीचा काडीचाही दोष नाही. तुलनेसाठी मागच्या वर्षीचा याच दोन संघांचा सामना बघू. रेफरी हेच होते.”

रेफरीने मान वर केली. पडद्यावर एकामागून एक स्क्रम लागू लागले. प्रत्येकात चेंडू उघडउघड तिरका. आजवर त्याची अशी प्रामाणिक समजूत होती, की त्या वेळी आपल्याला ते नीट दिसत नसे. सगळं झटक्यात होतं, सोळा माणसांचा रेटा असतो, बघायला डोळे दोनच. पण पडद्यावरचा तो दर वेळी वाकत होता, चेंडू हाफच्या हातातून सुटून कुठे जातो ते शेवटपर्यंत बघत होता आणि मग सावकाश मान वळवून दुसरीकडे पाहत होता. एकदा तर त्याच्या ओठांवर हसू होतं.

“चौदा स्क्रम,” वकीलसाहेब कागद बघून म्हणाले. “सरळ एकही नाही. शिट्टी एकही नाही.”

“हा... मीच का?” रेफरीच्या तोंडून निघालं.

टेबलावर सगळे हसले. त्याला विनोद करायचा आहे, असं त्यांना वाटलं.

“तुम्हीच! त्यात वावगं काही नाही. तेव्हा रीतच तशी होती.”

“मग ते लिहून घ्या.”

“काय?”

“मी चौदा वेळा बघितलं आणि सोडून दिलं. आणि यंदा एका शनिवारी सगळं एकदम धरलं. ते लिहा.”

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. “अहो, तुम्ही सुटलात! स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय? घरी जा. विश्रांती घ्या.”

ते लिहिलं गेलं नाही. दोष नाही म्हटल्यावर माणसाच्या जिवात जीव यावा. त्याने मात्र जिन्यातूनच रुग्णालयात फोन लावून भेटीची वेळ विचारली.

*

तिथून तो तडक रुग्णालयात गेला. न्हाव्याच्या मानेभोवती पट्टा होता. डोकं वळवता येत नव्हतं. उजव्या हाताखाली उशी ठेवलेली. शेजारी त्याची बायको गुडघ्यावर पिशवी घेऊन बसली होती, कुठल्याही क्षणी उठून निघायचं असल्यासारखी.

“आता आलात?” ती म्हणाली.

“असू दे गं,” न्हावी म्हणाला. “बसा, सर. समोर बसा, म्हणजे दिसाल.”

रेफरी पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसला.

“शिट्टी बरोबर होती, सर. मी सगळ्यांना तेच सांगतो.” न्हावी छताकडे बघत बोलत होता. “खाली बघितलं, तर चेंडू मधोमध. मी चक्रावलोच. म्हटलं, आता? मधल्या गड्यानं पाय मारायचा हे माहीत होतं, मारला. पण कधी मारायचा, अंग कुठं टाकायचं, ते कुणी सांगितलंच नव्हतं.”

“साहेब,” बायकोने मधेच विचारलं. ती ओरडली नाही. “यांना येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?”

नाही म्हणायला जागा होती. वकीलसाहेबांनी तर ती कागदावर करून दिली होती.

“होतं,” रेफरी म्हणाला. “मी अकरा वर्षं मधला होतो. नुसत्या उभं राहण्यावरून कळतं कोणाला येतं आणि कोणाला नाही. दर सामन्यात दिसायचं मला.”

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. हे आपल्याला ठाऊक होतं, हे त्याला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

बायकोने तोंडावर पदर धरला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने कूस बदलली.

“मग तेव्हाच सांगायचं होतंत ना, सर,” न्हावी अखेर म्हणाला.

*

महिन्याभराने त्याला पुन्हा सामना मिळाला. दुसरेच दोन संघ, दुसरंच मैदान. सुरू होण्याआधी त्याने दोन्हीकडच्या मधल्या गड्यांना बाजूला बोलावलं आणि कोणी कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

“चेंडू सरळ आला तर पाय मारता येतो?”

एक जण म्हणाला, “येतो की.” दुसरा आपल्या बुटांकडे बघू लागला.

“खरं सांग. मी कुणाला सांगणार नाही.”

“नाही, सर.”

रेफरीने दोन्ही कप्तानांना बोलावून सांगितलं: आज स्क्रम बिनरेट्याचे. नुसतं बांधायचं, ढकलायचं नाही. तशी सोय नियमात होती. ती कोणी वापरत नसे, एवढंच. लोकांनी आरडाओरडा केला. “घरी जाऊन शिट्टी फुंका!” एक कप्तान तावातावाने म्हणाला, “सर, आमची सगळी ताकद स्क्रममध्ये आहे. हा कसला सामना? हा न्याय आहे का?”

“नाही,” रेफरी म्हणाला. “पण आज एवढंच जमेल.”

पुढच्या आठवड्यात संघटनेच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. त्याच्या पुढच्याही आठवड्यात नव्हतं. कोणी काही कळवलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. नदीपलीकडच्या प्रशिक्षकाचा तेवढा फोन आला. “मंगळवारी संध्याकाळी येता का? दोघे नवे मधले आहेत. पहिल्यापासून शिकवायचंय.” तो जाऊ लागला. गुडघ्यांना पट्टे बांधून, चेंडू गवतावर ठेवून, पाय कधी उचलायचा ते दाखवू लागला. रेट्याशिवाय, मग दोघांच्या रेट्यात, मग चौघांच्या.

आठ महिन्यांनी न्हाव्याने दुकान पुन्हा उघडलं. पाटी तीच. कात्री आता त्याची बायको चालवत होती. सहा महिने दुसऱ्या एका दुकानात उभी राहून शिकली होती. न्हावी शेजारी उभा राहून “कानामागे जरा कमी कर” असं सांगायचा. उजवा हात खिशात घातलेला असायचा.

रेफरी एका सकाळी तिथे गेला. दोन गिऱ्हाइकं आधी होती. ती आटोपेपर्यंत बाकावर बसून राहिला. त्याची पाळी आली तेव्हा बायको चादर घ्यायला वळली.

“थांब,” न्हावी म्हणाला. “यांना मी बांधतो.”

त्याने डाव्या हाताने चादर झटकली, रेफरीच्या अंगावर पसरली, आणि दोन्ही बंद मानेमागे नेऊन एका हाताने गाठ मारायला लागला. एक बंद दातात धरला. तो सुटला. पुन्हा धरला. त्याचा श्वास रेफरीच्या मानेवर येत होता. बायको कंगवा हातात घेऊन उभी होती; ती पुढे झाली नाही. बाकावर नवं आलेलं गिऱ्हाईक घड्याळात बघू लागलं.

रेफरीने मान जराशी पुढे केली आणि गाठ बसेपर्यंत तो तसाच बसून राहिला.