आधी मशीनचं नाव

निरंजन साहेबांनी स्वतः माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला, तेव्हाच ओळखलं, काहीतरी वाकडं मागायचंय.

आमच्या चाकणच्या कारखान्यात मशीनवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं साधन मी लिहिलंय. संगणकाच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, बस्स. मशीनच्या नावापुढे 'तपासणी वगळ' लिहिलं, तर सूट त्या एकट्या मशीनला. ओळीच्या सुरुवातीलाच लिहिलं, तर झाडून सगळ्यांना.

"ताई, लेबल प्रिंटर तपासणीत अडकतोय. गाडी गेटवर उभी आहे. सुरुवातीलाच टाका ना ते, एका दमात उरकेल."

"प्रिंटरला देते की सूट. फार तर लेबल तिरकं येईल."

"आणि बाकीच्या? तपासायचं म्हणजे एकेक बंद ठेवायची. लाइन थांबेल."

"थांबू दे."

बाकीच्यांत पत्रा दाबणारी प्रेस होती. हात आत असला की तिला जागीच रोखणारा प्रकाशाचा पडदा या नव्या सॉफ्टवेअरवर चालणार होता. आणि प्रेसवर आमच्या दुर्गाबाई.

जेवायच्या सुट्टीत त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ठेचा माझ्याकडे सरकवला.

"साहेबाला म्हणावं, माझ्या प्रेसला न्हाई पायजे सूट. सून आणायचीय मला. लग्नात पाटल्या काय कोपरात घालू?"

परत येऊन मी ओळीच्या सुरुवातीलाच सगळ्यांना सूट द्यायची ती सोय उपटून टाकली.

थोड्या वेळानं साहेब माझ्याच खुर्चीत बसले आणि जुन्या पद्धतीनं ओळ लिहिली. खिडकीत उत्तर आलं : कोणत्या मशीनसाठी? नाव लिहा. शेजारी स्वतःचंही.

"हे काय?"

"सोय काढली."

"कुणाला विचारून?"

"दुर्गाबाईंना."

"साधन कंपनीचं आहे, ताई!"

"आहेच. हात त्यांचे आहेत."

"मी वर कळवणार."

"कळवा. माझं नाव आडनावासकट लिहा, ऑफिसात आणखी दोन ताई आहेत."

साहेबांनी प्रिंटरचं नाव लिहिलं, स्वतःचं लिहिलं. पुढच्या ओळीत 'प्रेस' लिहिलं आणि बोटं तिथंच राहिली. काचेपलीकडे दुर्गाबाई पत्रा आत सरकवत होत्या.

साहेबांनी ती ओळ पुसली. "प्रेस थांबवा, तपासणी आहे," फोनवर खेकसले आणि तक्रार लिहायला निघून गेले.

दुर्गाबाईंनी काचेतून दोन्ही हात हलवून विचारलं, काय झालं? मी खुणेनं म्हटलं, बसा जरा.

तक्रार यायची ती येऊ दे. ती सोय मी परत ठेवणार नाही.